गूढ कोडं आणि पेटीतले गुप्तहेर : प्रकल्प नोंदी

3 मे

काय करायचंय ते आधी लिहून टाकतो, नाहीतर जून लागेपर्यंत मलाच आठवणार नाही. मराठीत एक गूढ शब्दकोडं बनवायचंय, 9 बाय 9 चं, सगळे शब्द जुन्या रहस्यकथांच्या दुनियेतले, आणि कोडं पूर्ण सुटलं की त्याच्या आत अजून एक उत्तर लपलेलं, म्हणजे खून कोणी केला ते. तान्ह्या पोळ्याला सगळी मंडळी नागपूरच्या महाल भागात आत्याकडे जमते, तेव्हा झेरॉक्स काढून वाटायचं. साधं कोडं नको, 'कमळाला दुसरा शब्द (3)' टाइपचं (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं) तर अजिबात नको, ते आत्या चहा गार व्हायच्या आत पेनानं भरून मोकळी होते, पेन्सिल वापरणाऱ्यांना ती कच्चे लिंबू समजते.

गूढ म्हणजे इंग्रजी पेपरात येतं तसं. क्लूचा एक तुकडा सरळ अर्थ सांगतो, उरलेला तुकडा अक्षरांचा खेळ सांगतो, आणि पूर्ण वाक्य वाचलं तर भलतंच काहीतरी चित्र डोळ्यापुढं येतं. 'द हिंदू'मधलं मी कॉलेजपासून सोडवतोय, सोडवतोय म्हणजे बरेचदा अर्ध्यावर अडकतोय. मराठीत असलं कोडं कोणी करतं का ते शोधायच्या भानगडीत पडलो नाही, आपण करून बघू.

5 मे

रहस्यकथा का, तर आत्याच्या माळ्यावरची पेटी. आतोबांची होती. आज खाली काढली, झुरळं निघाली, आणि खाली बाबूराव अर्नाळकरांचा ढीग. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू, त्यांचे सगळे नायक एकमेकांवर आडवे पडलेले. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, हजारावर कादंबऱ्या लिहिल्या या माणसानं, आणि एकेकाळी त्या लायब्रऱ्यांमधून दिवसाच्या भाड्यानं जायच्या, त्यामुळं आमच्या पेटीतल्या निम्म्यांवर कुठल्या कुठल्या लायब्ररीचे शिक्के आहेत आणि त्या परत का गेल्या नाहीत यावर आत्या काही बोलत नाही. थोडे सुहास शिरवळकरही निघाले, ते नंतरच्या काळातले, त्यांना वेगळं ठेवलं.

मार्जिनमध्ये वाचकांनी लिहून ठेवलेलं काय काय आहे! एकात पान 12 ला पेन्सिलनं 'हाच खुनी', पान 30 ला निळ्या शाईत 'नाही, ही बाई', आणि शेवटच्या पानावर तिसऱ्याच अक्षरात 'दोघेही मूर्ख आहात'.

9 मे

एका पुस्तकाचे टाके पूर्ण सुटलेत. कोणीतरी मधे बाइंडिंग करताना कटिंग इतकं खालपर्यंत नेलंय की पानांचे आकडेच उडालेत. म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा, क्रम माहीत नाही. मी म्हटलं टाकून देऊ. आत्यानं चष्मा पुसला, दिवाणावर चादर अंथरली आणि पानं मांडायला बसली. "वाक्य तुटते तिथून पुढचं शोधायचं, त्यात काय राह्यलं." कूलरचा वारा पानांवर येऊ नये म्हणून कूलरचं तोंड माझ्याकडं फिरवलं, ते एक बरं झालं.

मजा अशी की हाच प्रकार इंग्लंडमध्ये 1934 साली एकानं मुद्दाम केलाय. एडवर्ड पॉविस मॅदर्स नावाचा माणूस, 'ऑब्झर्व्हर' पेपरात 1926 पासून टॉर्कमाडा या टोपणनावानं कोडी द्यायचा. टॉर्कमाडा म्हणजे स्पेनमधला तो छळ करणारा धर्माधिकारी, यावरून कोडी कशी असतील कल्पना करा. हाच माणूस त्याच पेपरात डिटेक्टिव्ह पुस्तकांची परीक्षणंही लिहायचा. आणि त्यानं 'केन्स जॉबोन' नावाची 100 पानांची खुनाची गोष्ट लिहिली, सगळी पानं उलटसुलट छापून, वाचकानं ती लावायची आणि 6 खून कोणी कोणाचे केले ते सांगायचं. त्या काळी दोघांनीच सोडवली. मग 2020 मध्ये जॉन फिनमोर या ब्रिटिश कॉमेडी लेखकानं लॉकडाऊनमध्ये बसून सोडवली.

आमच्या गठ्ठ्यात इतकं अवघड काही नाही, अर्नाळकरांचं वाक्य पान उलटलं तरी धावतच असतं, त्यामुळं पुढचं पान पटकन सापडतं. मधली काही पानं गहाळ आहेत पण आत्याच्या मते काही बिघडलं नाही, "तेवढ्यात तो एकदा वेषांतर करून आला असेल, अजून काय."

17 मे

पहिले क्लू. दुपारी बाहेर 45 च्या वर, काही दुसरं करण्यासारखं नाही, म्हणून वही घेऊन बसलो.

लपवाछपवीपासून सुरू केलं, म्हणजे उत्तर क्लूच्या शब्दांतच सलग पडलेलं असतं पण शब्द तुटतात म्हणून दिसत नाही. कागदावर आधी फक्त 'खून' लिहिलं आणि आजूबाजूला अक्षरं चिकटवत गेलो.

'"विश्वास राखू नका" यात गुन्हा दडलाय (2)'. राखू नका. रा, खू, न, का. मधले दोन घ्या.

'साप हा डसणारच, पोटात डोंगर घेऊन (3)'. सा-प-हा-ड-स... पहाड! हे सापडलं तेव्हा मी एकटाच हसलो. 'काळा साप हा डसणारच' केलं तर पूर्ण काळापहाड जवळजवळ येतो, फक्त तो एक 'सा' मधे तंगडी घालून उभा आहे. तो काढायला क्लूमध्ये अजून एक सूचना घुसवावी लागते आणि मग वाक्य सरकारी परिपत्रकासारखं होतं. सोडलं. पहाड पुरे.

'परीक्षेत पासष्ट मार्क, आत पोलिसांचं काम चालू (3)' हे तपाससाठी.

मग जोडाजोडीचे. 'पूर्ण झाल्यावर शाबासकी, कोर्टाला हाच लागतो (3)', पुरा अधिक वा, पुरावा. 'लढती आटोपल्या की रहस्याची सुरुवात, शूरच म्हणायचा (3)', झुंजा आणि रहस्याचं पहिलं अक्षर र, झुंजार. हे मला सगळ्यात जास्त आवडलंय कारण वाक्य पुस्तकाच्या उलटं बोलतं, पुस्तकात लढाई आधी आणि रहस्य नंतर असं नसतं, दोन्ही सोबतच चालू असतं.

22 मे

लाइट गेली होती तीन तास. काही झालं नाही. एकच, धनंजयचा तिढा. धन अधिक जय केलं तर धनजय होतं, टिंब कुठून आणू? रात्री गच्चीवर झोपताना सुचलं : 'पैशाच्या शेवटावर टिंब दे, मग विजय, अर्जुनच तो (4)'. इंग्रजीवाल्यांकडं ही सोयच नाही, त्यांच्याकडं अक्षराच्या डोक्यावर काही ठेवता येत नाही. वेलांटी, मात्रा, रफार, सगळ्यांचे खेळ करता येतील, पण जपून, एका कोड्यात एखादाच बरा.

1 जून

भाची (आत्याची नात, मिहानला, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, आयटीत आहे) रविवार म्हणून आली, तिला म्हटलं मला असा प्रोग्राम करून दे की शब्दांची यादी टाकली की कुठला शब्द कुठल्याला कुठं छेदतो ते सांगेल. तिला वाटलं अर्ध्या तासाचं काम. दुपारचं जेवण झालं, संत्रा बर्फी संपली, तरी चालूच.

भानगड अशी की मराठी कोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर जातं, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असलं तरी एकच चौकट. रहस्य म्हणजे र, ह, स्य, तीन चौकटी. पण कॉम्प्युटर 'की' ला दोन तुकडे समजतो, क वेगळा आणि वेलांटी वेगळी. त्यासाठी युनिकोडवाल्यांचे, म्हणजे कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्या कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्यांचे, नियम असतात की कुठले तुकडे मिळून एक अक्षर मानायचं, तर ते वापरले आणि वेलांट्या सुधारल्या, पण जोडाक्षर तरीही फुटत होतं, 'गुप्त' चं गु, प्, त. भाचीनं शोधून काढलं की देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये, आला आणि तिच्या लॅपटॉपवरची लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड, पुस्तकांची नव्हे) त्याच्या आधीची होती. नवीन टाकली, झालं. आत्यानं मधेच विचारलं, "एवढं काय मोजून राह्यले बाप्पा, बोटांवर मोज नं." तिनं खरंच पंधरा-वीस शब्द बोटांवर मोजून दाखवले, मशीनच्या आधी.

14 जून

पाऊस अजून नाही. पेटीतली पुस्तकं रोज एक याप्रमाणे वाचतोय, आणि एक गोष्ट हळूहळू डोक्यात बसत चाललीये ती लिहून ठेवतो.

मी समजत होतो की रहस्यकथा आणि गूढ कोडं ही सख्खी भावंडं. इंग्रजीकडं बघितलं तर आहेतच. रोनाल्ड नॉक्स नावाचा पाद्री, त्यानं 1929 मध्ये डिटेक्टिव्ह गोष्टींचे दहा नियम काढले, गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच कुठंतरी दिसला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसलाच पाहिजे, गुप्त दार एकापेक्षा जास्त नको, असले. आणि कोडी बनवणाऱ्यांमध्ये अॅफ्रिट या टोपणनावाच्या एकानं 1949 मध्ये जे सांगितलं ते पण तेच : मी म्हणतो तसंच मला म्हणायचं असेल असं नाही, पण जे म्हणायचंय ते मी म्हटलेलं असलंच पाहिजे. म्हणजे फसवा, पण माल समोर ठेवून फसवा. कॉलिन डेक्स्टर या इंग्रज रहस्यकथा लेखकानं तर आपला इन्स्पेक्टर मोर्स आणि त्याचा जोडीदार लुइस या दोघांची नावं कोड्यांच्या स्पर्धांमधल्या आपल्या प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली.

पण अर्नाळकर या घराण्यातले नाहीतच! झुंजार कोण आहे ते वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं, माहीत नसतं ते पोलिसांना. वाचक झुंजारच्या बाजूला बसून पोलिसांची फजिती बघतो. धागे जुळवा, वेळा ताडून बघा, असलं काही तो तुमच्याकडून मागतच नाही, तो म्हणतो पळ माझ्यासोबत. लहानपणी हे वाचताना कधी जाणवलं नव्हतं कारण तेव्हा पळायचंच होतं. आता मी पेन्सिल घेऊन धागे शोधत बसलो तर पन्नास पानांत काही हाताला लागलं नाही आणि खलनायक तर पहिल्याच प्रकरणात दात विचकून उभा. धनंजय-छोटूमध्ये थोडी शोधाशोध आहे, शेरलॉक होम्सची हवा तिथं लागलेली दिसते, पण तिथंही घोड्यावरूनच.

मला यात कमीपणा वाटत नाही, उलट त्या वेगाचं कौतुकच वाटतं, आजच्या जाडजूड थ्रिलरवाल्यांनी दोन दिवस शिकायला यावं. फक्त कोड्याच्या दृष्टीनं अर्थ असा की या पुस्तकांतून मला शब्द मिळतील, वातावरण मिळेल, वेषांतर मिळेल, पण लपवण्याची शिस्त दुसरीकडून आणावी लागेल. ती टॉर्कमाडाच्या गल्लीतून आणतोय.

आजचा क्लू, आणि मला वाटतं अख्ख्या कोड्यातला सगळ्यात सरळ आणि सगळ्यात लबाड : 'हे रहस्य अर्धवट कळलं तरी पाळत ठेवतोच (2)'. हे-र-ह-स्य, चार अक्षरं, अर्धी घ्या. हेर.

28 जून

पाऊस आला एकदाचा. आज खुनी ठरवला.

आयडिया अशी की पहिल्या काही आडव्या उत्तरांची आद्याक्षरं ओळीनं वाचली की खुनी. आधी पुतण्या करायचा होता, इस्टेटीची गोष्ट म्हटलं की पुतण्या आलाच, पण 'ण्या' नं सुरू होणारा शब्द आणणार कुठून. माळी? ळी. तेच. ण आणि ळ नं मराठीत शब्द सुरू होत नाहीत म्हणून या दोघांना आपोआप क्लीन चिट. काका जमला असता पण मराठी माणसासमोर काका ठेवला की नारायणराव पेशव्यांपासूनचा संशय आयता मिळतो, 1773 पासून तो शब्द बदनाम आहे. जावई म्हटल्यावर भाचीनं, जिचं लग्न ठरतंय, डोळे वटारले. नोकर तर नकोच, तो बिचारा प्रत्येक गोष्टीत पहिला पकडला जातो.

वकील. व, की, ल. तीन साधी अक्षरं, आणि मृत्युपत्र वाचून दाखवायला तो घरात बसलेलाच असतो, कोणाचं लक्ष जात नाही. नॉक्सचा नियमही पाळला जातो कारण कोड्याच्या वर मी चार ओळींची खुनाची गोष्ट देणारे, त्यात तो पहिल्याच ओळीत चहा पिताना दिसतो.

'वहीमागं मरणाची सुरुवात, शंका येणारच (3)' : वहीम.
'किंवा एकटक, एक सोडून, किडा दिसेल (3)' : की, मग टक. कीटक.
'लबाडीच्या सुरुवातीपुढं बनावट, तरी सीलबंद (3)' : लखोटा.

लखोटा सापडला तेव्हा पाऊस, लाइट, मच्छर सगळं विसरलो. ल आणि खोटा. हा शब्द रहस्यकथांमध्ये पानापानाला येतो, इतकी वर्षं वाचला आणि त्याच्या पोटात 'खोटा' बसलेला कधी दिसला नाही.

13 जुलै

जाळी लावणं म्हणजे खरं काम, क्लू तर मजा होती. इंग्रजीत र ला र मिळाला की झालं, आपल्याकडं र ला र च लागतो, रा चालत नाही, री चालत नाही. खूनचा न नागपूरच्या ना ला लागत नाही, धनंजयच्या नं लाही लागत नाही. पुरावा आणि सुरा रा वर जुळले, झुंजार, हेर आणि नागपूर यांचा शेवटचा र भरवशाचा. पहाडचा ड कोणालाच नको, त्याला कोपऱ्यात एकटा बसवला. आणि मराठी शब्द चौकटींमध्ये मोजले तर आखूड असतात, तीन-चार घरांत संपतात, म्हणून इंग्रजीसारखी 15 बाय 15 ची जाळी घेतली तर निम्मी काळी करावी लागेल, 9 बाय 9 बरोबर बसतेय.

ह्रस्व-दीर्घाचं काय यावर घरात दोन पक्ष. पुरावाचा पु आणि नागपूरचा पू एकाच घरात चालवायचा का? आत्या म्हणते चालवायचा, सगळे चालवतात. मी म्हटलं नाही. भाची मध्ये पडली की नियम कोड्याच्या वरच छापा मग जे काय असेल ते. छापतोय : ह्रस्व-दीर्घ पाळले आहेत. आत्या म्हणाली, "मग निम्म्यांना तिथंच घाम फुटते."

नागपूर ठेवलंय बरं, 'साप आणि पूर एकत्र, तरी संत्री गोड (4)', पण यात 'पूर' शब्द जसाच्या तसा राहतो, उत्तर उघडं पडतं. बदलून 'साप आणि पाणीच पाणी, तरी संत्री गोड (4)' केलं.

2 ऑगस्ट

चाचणी. सकाळी तर्री पोहे घेऊन महालात गेलो, आत्यासमोर कोरी जाळी ठेवली, नियम सांगितले, आणि गप्प बसलो, हे सगळ्यात अवघड.

पहिली वीस मिनिटं ती प्रत्येक क्लू सरळ वाचत होती. 'परीक्षेत पासष्ट मार्क', पोलीस परीक्षा का रे? 'विश्वास राखू नका', दगा का? दोनच घरं आहेत म्हटल्यावर 'दगा' लिहूनही टाकलं, पेनानं. मग लखोट्यापाशी थांबली. ओठ हलत होते. "सीलबंद... लखोटा. पण काहून?" आणि मग एकदम, "अरे, खोटा!" त्यानंतर ती सरळ वाचणंच विसरली, प्रत्येक वाक्याला संशयितासारखं दरडावून राह्यली होती. दगा खोडून खून केला. 'हे रहस्य' ला तर वर बघून म्हणाली, "हे तू नाही लिहिलं, कुठून तरी उचललं."

अडकली ती कीटकवर. किंवा म्हणजे 'की' हे तिला पटेना, की म्हणजे असं, तसं, म्हणाली. 'चहा की कॉफी' सांगितलं तेव्हा मान्य, पण नाराजीनं. वहीम लगेच आला, हा शब्द तिच्या तोंडात आहे, भाचीला मात्र माहीतच नव्हता, तिला तो फक्त आडव्या-उभ्या अक्षरांवरून मिळाला. म्हणजे वयानुसार वेगवेगळे लोक वेगवेगळ्या ठिकाणी अडकतील, आणि पोळ्याला एका कागदावर आजी आणि नात बसल्या तरच पूर्ण होईल असं दिसतंय. हे ठरवून केलं नव्हतं.

वकील तिला दिसला नाही. भाचीला दिसला. आत्या म्हणाली मला तर वाटलंच होतं, तो चहा पिऊन राह्यला तेव्हाच.

मग जेवताना तिनं स्वतःचा एक क्लू सांगितला, वाढता वाढता, सहज : 'पोटात गेली तर झिंग, पोटात गेला तर जीव (2)'. सुरा. बाई आणि पुरुष, गेली आणि गेला, दोनच अक्षरांत दारू आणि शस्त्र दोन्ही, आणि एकही शब्द वाया नाही. माझा सुरासाठीचा क्लू होता तो मी तिथंच फाडला. कोड्याखाली आता दोघांची नावं येतील, तिची आधी.

11 ऑगस्ट

जाळी फायनल, 180 अंशात फिरवली तरी काळी घरं तिथंच. कीटकचा क्लू 'चहा की कॉफी' ची अडचण लक्षात घेऊन तसाच ठेवलाय, एक तरी भांडण व्हायला पाहिजे. झेरॉक्सवाल्यानं सांगितलं काळी घरं जास्त असली की टोनर जास्त जाते, पैसे जास्त पडतील, तर काळ्याऐवजी तिरप्या रेघा मारल्या.

उत्तरं मागच्या बाजूला उलटी छापायची की नाही यावर अजून एकमत नाही. आत्याचा ठाम विरोध. तिचं म्हणणं उत्तरं फक्त तिच्याकडं राहतील, ज्याला पाहिजे त्यानं येऊन विचारावं, आणि विचारायला येताना सोबत त्या पेटीतलं एक पुस्तक वाचून परत आणावं. पुस्तकांना नंबर टाकायला तिनं सुरुवात पण केलीये, मागचे लायब्ररीचे शिक्के तसेच ठेवून.

भाचीचा आत्ताच मेसेज आला, तिनं पण एक केलाय, उत्तर दिलं नाही : 'शेवट न करता विषय सोडला, जीवघेणं ठरलं (2)'. छापायला जागा नाही राहिली, जाळीच्या खाली कोपऱ्यात बिननंबरचा टाकतोय.